कच्च्या टाक्यांवर उभी गाडी

कॉलेजच्या फाटकाशी रहमानचाचा उभे होते आणि शिपाई त्यांना आत सोडत नव्हता. शिपायाचंही काही चुकलं नाही. चाचांच्या शर्टावर, केसांत, भुवयांवर प्रायमरची करडी भुकटी होती आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ते माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवतात. मी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आटोपून बाहेर पडत होतो. मला बघताच त्यांनी शिपायाच्या खांद्यावरून हात वर केला. "मोहन, चल बेटा. अपनी कुंदा गई..." मी विचारलं, "बाबांनी पाठवलं तुम्हाला?" ते म्हणाले, "मिस्त्री तर निरोप आला तसे निघून गेले नेऱ्याला. मला वाटलं, तुला कोण सांगणार..." हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे. थोरल्या बहिणीच्या मृत्यूची बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बाबा मला न घेता तिच्याकडे गेले. रडू त्याच्यानंतर आलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. कुंदाताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमच्या मधली दोन भावंडं जगली नाहीत. आमचं घर सुकापूरला आणि बाबांचं गॅरेज पनवेलला, मुंबई-पुण्याच्या रस्त्याला लागून. बाबांचे वडील मिठागरात राबायचे. बाबांनी तरुणपणी मीठ सोडून हातोडा धरला, पनवेलमधल्या एका उस्तादाकडे पत्र्याचं काम शिकले आणि ठोकलेल्या गाड्या सरळ करणारे डेंटर झाले. त्यांना सही करता येते, वाचता येत नाही. ताई सातवीपर्यंत शिकली. मग आई आजारी पडली, मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, आणि ताईची शाळा सुटली ती सुटलीच. मी दहावी झालो, बारावी झालो, आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात इतकं शिकलेला मी पहिला. एवढं असूनही आयुष्यभर मी तिचाच हेवा केला. तो कशाचा, ते समजण्यासाठी बाबांचं काम थोडं सांगावं लागेल.

पनवेलला एक रस्ता पुण्याकडे जातो आणि एक गोव्याकडे, त्यामुळे पुढून ठोकलेल्या गाड्यांना आमच्याकडे कधी तोटा नव्हता. बाहेरचं मडगार्ड चेपलं असेल तर ते सोडवून ठोकून काढता येतं. पण मार जोराचा असेल तर आतला पत्रा जातो. इंजिनाच्या दोन्ही अंगांना जाड पत्र्याच्या दोन भिंती असतात, त्यांना एप्रन म्हणतात. त्या दोघांना पुढून जोडणारी, रेडिएटर धरून ठेवणारी चौकट असते, तिला आमच्याकडे 'शो' म्हणतात. गाडीचं अख्खं तोंड यांच्यावर उभं असतं. हे एकदा दुमडले की ठोकून भागत नाही. जुने कापून काढायचे आणि त्याच जागी नवे बसवायचे. अवघड आहे ते 'त्याच जागी' बसवणं. बाबा नवा एप्रन धरून आधी चार-सहा ठिकाणी नुसते वेल्डिंगचे ठिपके द्यायचे, कच्चे टाके. त्यावर मडगार्डं, दिवे, बोनेट तात्पुरती अडकवायची आणि लांबून बघायचं. कच्च्या टाक्यांवर असेपर्यंत हातोड्याच्या एका फटक्याने एप्रन हलवता येतो. पक्कं वेल्डिंग झालं की मग गॅसने कापण्याशिवाय उपाय नाही.

ताई बारा-तेरा वर्षांची असताना बाबांचा डबा घेऊन गॅरेजला यायची. एकदा डबा ठेवून ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उकिडवी बसली आणि तिथून ओरडली, "बाबा, ही गाडी डावीकडनं हसते हाय!" बाबा म्हणाले, "गप घरी जा." तिथे बसलेले ड्रायव्हर हसले. ती जाईना. शेवटी तिला खोटं पाडायला म्हणून बाबांनी दोन्ही दिव्यांची जमिनीपासूनची उंची मोजली. डावा दिवा अर्ध्या बोटाने वर होता. रहमानचाचा ही गोष्ट इतक्यांदा सांगतात की मी तिथे नसूनही मला ती दिसते. त्या दिवसापासून आमच्या गॅरेजमध्ये एक रीतच पडली. कच्चे टाके झाले की बाबा गॅसची टाकी बंद करायचे, हात पुसायचे आणि थांबायचे. ताई यायची. रस्त्यापलीकडे बसायची, एक डोळा मिटायची, मग म्हणायची, "बोनेट पाडा." बाबा बोनेट हातातून सोडायचे आणि ती त्याच्या आवाजाकडे कान द्यायची. मग उठून गाडीभोवती एक फेरी. गाडीला हात मात्र लावायची नाही. सगळं ठीक असेल तर एवढंच म्हणायची, "करा पक्कं." नसेल तर कुठे, किती, ते सांगायची आणि बाबा मुकाट्याने हातोडा उचलायचे. आपल्या कामात बाबांनी उस्तादांनंतर दुसऱ्या कुणाचं ऐकलं असेल तर तिचंच.

तिचं लग्न नेऱ्याला झालं. आम्हाला वाटलं, आता ही रीत मोडेल. पण बाबांनी वाट काढली. नेऱ्याची एसटी सुकापूरवरून पनवेलला येते. तिच्या कंडक्टरला आम्ही मामा म्हणायचो. कच्चे टाके झाले की बाबा स्टँडवर जाऊन मामांना सांगायचे, "बायला बोला, गाडी टाक्यावर उभी हाय." मामा नेऱ्याला उतरून तिच्या घरी हाक द्यायचे आणि ताई पुढच्या गाडीने यायची, कधी कडेवर पोर घेऊन. तिच्या सासूबाई भल्या होत्या. त्या म्हणायच्या, "जा बाय, तुझ्या बाचं इंजान अडलं असंल." एकदा एक ट्रकवाला वैतागून म्हणाला, "मिस्त्री, माझी गाडी काय नवरी हाय? पाव्हने येऊन पसंत करेपर्यंत थांबायचं!" ताई तिकडे बसूनच बोलली, "नवरी असती तर सोपं व्हतं रे. नवरीला नाकडोळे तरी असतात सरळ." सगळं गॅरेज हसलं. बाबाही हसले. माझ्या कुठल्या बोलण्यावर बाबा असे हसलेले मला आठवत नाहीत.

आता माझं सांगतो. दहावीचा निकाल घेऊन मी धावत गॅरेजवर गेलो होतो. बाबा गाडीखाली होते. मी वाकून गुणपत्रिका दाखवली. त्यांनी बाहेर येऊन ती रहमानचाचांकडे दिली, चाचांनी एकेक विषय वाचला, बाबा म्हणाले, "चांगलं हाय," आणि परत गाडीखाली गेले. त्यांना आनंद झाला नसेल असं नाही. आईने नंतर सांगितलं की घरी येताना त्यांनी पेढे आणले आणि वाटेत सगळ्यांना वाटले, घरी पोचेपर्यंत पुडा रिकामा. पण त्या दिवशी दुपारी ताई आली आणि त्यांनी गॅस बंद केला. माझ्यासाठी त्यांनी गॅस बंद केला नव्हता. एवढ्याशा गोष्टीवर मी किती दिवस जळलो, ते मला आजही सांगता येणार नाही. मी मनाशी ठरवलं, हिच्याकडे नुसती नजर आहे, माझ्याकडे शिक्षण आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी एक चांगला स्टीलचा टेप मिळवला आणि गाडीच्या तळाचे कर्ण मोजायला शिकलो. मागच्या उजव्या ठिकाणापासून पुढच्या डाव्या ठिकाणापर्यंत एक माप, मागच्या डाव्यापासून पुढच्या उजव्यापर्यंत दुसरं. दोन्ही सारखी आली की चौकट सरळ. मी हे बाबांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "उस्ताद दोरीनं करायचे हे. बराबर हाय." मग म्हणाले, "पन बायला बघू दे."

पावणेदोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातल्या एका डॉक्टरांची ॲम्बॅसडर घाटातून येताना टेम्पोवर आदळली. दोन्ही एप्रन आणि शो, तिन्ही गेले होते. बाबांनी आठ दिवस त्या गाडीवर घालवले. डॉक्टरांना गाडीवाचून अडत होतं, ते रोज सकाळी येऊन उभे राहायचे. मंगळवारी कच्चे टाके झाले. बाबांचा पाय मुरगळला होता म्हणून त्यांनी मला सांगितलं, "स्टँडवर जा, मामाला निरोप दे." मी सायकल काढली. नेऱ्याची गाडी लागलेली होती आणि मामा चहा पीत उभे होते. मला बघून त्यांनीच विचारलं, "काय रे मोहन? बाबांचा निरोप का?" मी तिथे किती वेळ उभा राहिलो माहीत नाही. दोन घोटांएवढा असेल. मग म्हणालो, "नाही, सहज आलो होतो." मामा म्हणाले, "मग अभ्यास कर जाऊन. मोठा साहेब झालास की माझी बदली घराजवळ करून दे." त्यांनी घंटी दिली, गाडी सुटली. मी ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितली. ओरडून थांबवता आली असती...

गॅरेजवर येऊन मी सांगितलं, "दिला निरोप." बाबा त्या दिवशी थांबले. बुधवारी दुपारपर्यंत थांबले. ताई आली नाही. डॉक्टर दोनदा येऊन गेले. मग मी टेप काढला. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा बाबांना दुसरं टोक धरायला लावून मोजलं. कर्ण अगदी सारखे. "बाबा, बरोबर आहे. पक्कं करा." बाबांनी माझ्याकडे बघितलं, रस्त्यापलीकडे बघितलं, आणि गॅस पेटवला. त्या वेळी मला जो आनंद झाला तसा मला कुठल्या निकालाने झाला नव्हता.

कर्ण सारखे असले तरी चौकट सपाट असेलच असं नाही. बाजेचा एक पाय आखूड असला तरी तिचे कर्ण सारखेच भरतात. हे मला भूमितीत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. पक्कं वेल्डिंग झाल्यावर बाबांनी बोनेट लावलं तेव्हा उजवीकडून ते बसलं आणि डावीकडून बोटभर वर राहिलं. बाबांनी बिजागऱ्या हलवल्या, पट्ट्या घातल्या, खालून लाकडाचा ठोकळा धरून ठोकलं. बोनेट ऐकेना. गुरुवारचा सगळा दिवस यात गेला. मी टेप खिशात ठेवून कोपऱ्यात उभा होतो. बाबांनी मला एकदा तरी शिवी द्यावी असं वाटत होतं. पण बाबा एवढंच म्हणाले, "तुझा काय दोष? तू मोजलंस ते बराबर मोजलंस." दोष द्यायला माणसावर आधी काहीतरी सोपवलेलं असावं लागतं. माझ्यावर त्यांनी काही सोपवलंच नव्हतं.

शुक्रवारी ताई आपणहून आली, बाजाराला म्हणून. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. तिने रस्त्यापलीकडूनच बघितलं आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, त्या बोनेटला का मारताय? ते बिचारं सरळ हाय. डावा एप्रन वर बसलाय." बाबांनी ठोकळा खाली टाकला. मी त्यांना तिच्यावर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "आता सांगतेस? निरोप धाडला तवा कुठं व्हतीस?"

"कवा?" ती म्हणाली.

मग तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. एवढ्यात तिला सगळं कळलं असणार, कारण लहानपणी माझी प्रत्येक चोरी तिनेच पकडलेली आहे. "हां... मंगळवारी," ती म्हणाली. "मामा बोलले व्हते. पोराला ताप व्हता, नाय जमलं."

"मंग उलटा निरोप नाय देता येत? मी दोन दीस बसलो हितं."

"चुकलं, बाबा."

रहमानचाचा मध्ये पडले, "जाने दो मिस्त्री, बच्चे का घर है उसका." बाबा म्हणाले, "मी कुठं काय बोललो?" आणि त्यांनी गॅस पेटवून स्वतःचंच ताजं वेल्डिंग कापायला घेतलं. डॉक्टर आले तेव्हा बाबा त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "माझ्याकडनं चूक झाली." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ताई संध्याकाळपर्यंत थांबली. पुन्हा कच्चे टाके झाले, तिने बघितलं, "करा पक्कं" म्हणाली. बाबांनी मान हलवली, तिच्याकडे न बघता.

तिला एसटीपर्यंत सोडायला मी गेलो. मला वाटलं, आता बोलेल. ती मेथी निवडल्यासारखी जुडीची पिवळी पानं काढून टाकत चालली होती. मीच म्हणालो, "ताई, तू खोटं का सांगितलंस? तुला असं करायची काही गरज नव्हती." ती म्हणाली, "'नव्हती'! 'नवती' बोलायचास ना रं तू? कालेजात जीभ पन बदलतात काय?" मग गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "मला काय, मला सासर हाय. तू रोज त्यांच्यासमोर जेवायला बसतोस, मोहन्या." ती चढली, खिडकीत बसली, आणि परीक्षा कधी आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिच्याबद्दल मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटलं ते असं, की इथेही हिचाच वरचष्मा. माझा गुन्हासुद्धा हिने माझ्याकडून काढून घेतला.

त्यानंतर बाबांनी तिला निरोप धाडला नाही. भांडण असं काही नव्हतं. सणाला ती सुकापूरला यायची, बाबा पोरांना खाऊ द्यायचे, जावयाची विचारपूस करायचे. पण गाडी टाक्यावर उभी राहिली आणि चाचांनी विचारलं तर म्हणायचे, "तिचं घर हाय आता. कशाला तिला तरास." तीही सुकापूरलाच उतरायची, पुढे पनवेलला यायची नाही. आईने दोन-तीनदा विचारलं, "काय रे, ह्या दोघांत काय झालंय?" मी म्हणालो, "मला काय माहीत." बाबांनी मामांकडे कधी चौकशी केली नाही. तिने स्वतः कबूल केल्यावर विचारायला उरलं काय होतं? आणि ज्या जागेसाठी मी हे केलं ती जागा मला मिळाली का? बाबा मला टेपचं टोक धरायला सांगायचे. पाणसळ लावून उंचीही बघा, असं मी सुचवलं, तेही त्यांनी केलं. मग स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, एक डोळा मिटून बघायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. एका गाडीसाठी सात-आठ खेपा. मी टोक धरून उभा. कामं बिनचूक होत होती. बिनचूक झाली की मला वाटायचं, बघा, ती नसली तरी चालतं. तरी माझ्या तोंडाला चव नसायची.

या पावसाळ्यानंतर तिला कावीळ झाली. आधी गावचं औषध झालं, मग पनवेलच्या दवाखान्यात आणलं. मी आणि बाबा संध्याकाळी भेटायला गेलो. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. बाबांना दवाखान्यात काय बोलावं ते सुचत नाही, ते खाटेच्या लोखंडी पायाकडे बघत बसले. तिनेच विचारलं, "कंची गाडी हाय सध्या?" बाबा एकदम बोलायला लागले. जीप आहे, पुढचा शो गेलाय, मालक लोणावळ्याचा आहे, पत्रा कुर्ल्याहून आणलाय पण जाडीला कमी वाटतो... ती मध्ये मध्ये विचारत होती आणि दोघं असे बोलत होते की खोलीत तिसरं कुणी नाहीच. मी पाण्याचा तांब्या भरून आणला, मोसंबी सोलली. निघताना बाबा दारापर्यंत गेले आणि वळले. "बाय, बरी झालीस की... निरोप धाडला तर येशील ना ह्या वेळी?"

"येईन," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. बघायचं नाही हे तिने ठरवलं होतं, तेवढं मला कळलं.

थोडं बरं वाटतंय म्हणून तिला नेऱ्याला घरी नेलं. आठ दिवसांत कावीळ उलटली. पुढचं मी वर सांगितलं आहे.

दहाव्याला नेऱ्याच्या नदीवर इतकी माणसं जमली होती की भावोजी गोंधळून गेले. टेम्पोवाले, ट्रकवाले, मला नावं माहीत नसलेले कितीतरी ड्रायव्हर. डॉक्टरही आले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझी गाडी अजून एका बोटावर सरळ चालते हो. तुझ्या बहिणीचे उपकार." मी हात जोडले. माझ्या आत त्या क्षणीसुद्धा ते जुनं काहीतरी हललं. माणूस जाऊन दहा दिवस झाले, पिंडाला कावळा शिवायचा होता, आणि मी मोजत होतो की तिच्यासाठी किती जण आले.

तुमच्या वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात, ते मी कॉलेजच्या वाचनालयात वाचतो. मला वाटलं, ताईवर लिहावं, तेवढं तरी आपल्याला येतं. चार पानं लिहिली. तिची नजर, डबा, हसणारी गाडी, नवरीचा विनोद, सगळं त्यात होतं. बाबांना वाचता येत नाही, म्हणून गेल्या रविवारी दुपारी गॅरेजमध्ये त्यांना वाचून दाखवलं. चाचा जेवायला घरी गेले होते. बाबा पालथ्या डब्यावर बसून ऐकत होते. नवरीपाशी त्यांना हसू आलं आणि ते हसू तसंच ठेवून त्यांनी डोळे पुसले. वाचून झालं. मग म्हणाले, "चांगलं लिवलंस. पन डाक्टरच्या गाडीला ती का नाय आली, ते नाय लिवलंस."

मी म्हणालो, "ते कशाला लिहायचं?"

"लिव. मी तिला दीड वरीस नाय बोलवली. लोकांना वाटंल, बाप असा कसा. पोराला ताप व्हता, ते पन लिव. तिची बाजू पन येऊ दे."

मला पळून जावंसं वाटलं. पानं हातात होती, ती मी नीट जुळवत बसलो. मग सांगितलं. मामा चहा पीत होते इथपासून सांगितलं. "पोराला ताप नव्हता, बाबा. तिला निरोप मिळालाच नाही. मी दिलाच नाही." का दिला नाही, तेही सांगायचा प्रयत्न केला, ते मला नीट जमलं नाही. हेवा हा शब्द मी पुस्तकात वाचलेला, बाबांसमोर तो तोंडातून येईना. मी म्हणालो, "तुम्ही तिलाच विचारायचात."

मी वाट बघत होतो. हातोडा हाताशी होता, तो फेकून मारला असता तरी मी हललो नसतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते रस्त्याकडे बघत होते. गाड्या जात होत्या. मग ते बोलले, आणि ते मला बोलले असं मला वाटत नाही.

"आता तिला कोन सांगनार?"

एवढंच. उठले, हात धुतले, डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. आम्ही जेवलो. राग आला असता तर तो माझा झाला असता. तेवढंही माझ्या वाट्याला आलं नाही.

हे सगळं मी पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं आहे. छापून आलं की बाबांना वाचून दाखवणार आहे, चाचांसमोर, आणि नेऱ्याला भावोजींनाही. कालच्या बुधवारी एका व्हॅनच्या पुढच्या पत्र्याला बाबांनी कच्चे टाके दिले, गॅस बंद केला आणि हात पुसले. मालक बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, आजच पक्कं करून टाका ना." बाबा म्हणाले, "उद्या." चाचांनी ब्रश धुता धुता हळूच विचारलं, "किसकी राह देख रहे हो?" बाबा म्हणाले, "कोनाची नाय." मग त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली नाही, तशीच उघडी ठेवली, आणि समोर बसून राहिले. मी तिथेच होतो, त्यांच्यापासून चार पावलांवर. मला त्यांनी विचारलं नाही. विचारू नये हे मला पटतं. तरी मी निघून गेलो नाही. मी उभा राहिलो, आणि मनातून अजूनही वाटत होतं की विचारावं.